बर्फ वितळला की लगेच: इंदूरहून अल्गोन्क्विनची कनू आणि ट्राउट ट्रिप कशी प्लॅन करायची

मे महिन्यात इंदुरात पारा ४२ वर असतो, माणसं शिकंजी पीत सावली शोधत फिरतात, आणि त्याच महिन्यात मी दोनदा अशा तलावांवर जाऊन आलोय जिथे पंधरा दिवस आधीपर्यंत बर्फ होता. कॅनडातलं ऑन्टॅरिओ, तिथलं अल्गोन्क्विन पार्क. माझा मामेभाऊ टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो, त्याच्या नादाने गेलो. परत आल्यापासून राजवाड्यापासून महूपर्यंत आठ-दहा जण विचारून गेले की भिया हे जमवायचं कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हलकी नाव. एक जण पुढे, एक मागे, हातात एका पात्याचं वल्हं. महेश्वरच्या घाटावरची फटफट करणारी नाव डोक्यातून काढून टाका. अल्गोन्क्विन साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आत शेकडो तलाव, आणि एका तलावातून दुसऱ्यात जायचं तर कनू डोक्यावर घेऊन जंगलातल्या पायवाटेने चालायचं, त्याला पोर्टेज म्हणतात. आत दुकान नाही, रस्ता नाही, मोबाईलला रेंज जवळपास नाहीच.

आणि भेटेल तो विचारतो अस्वलाचं. पाण्याचं कोणी विचारत नाही. खरं तर सगळं प्लॅनिंग पाण्यावरून होतं, कारण पाणी थंड असतं म्हणूनच ट्राउट, म्हणजे ज्याला पकडायला आपण जातो तो मासा, वर येतो आणि त्याच थंडीमुळे माणूस मरू शकतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

तारीख आधी, तिकीट नंतर

आपल्याकडे मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मासा अंडी घालतो. तिकडे उलटं, ट्राउट अंडी घालतो शरद ऋतूत, म्हणून अल्गोन्क्विनमध्ये ब्रूक ट्राउट आणि लेक ट्राउटचा सीझन एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो आणि ३० सप्टेंबरला बंद होतो. पण सीझन उघडला म्हणजे तलाव उघडला असं नाही हां. बर्फ साधारण एप्रिलच्या शेवटी जातो, एखाद्या वर्षी लवकर, एखाद्या वर्षी मे उजाडला तरी तसाच, आणि एक पार्क असलं तरी सगळे तलाव एका दिवशी मोकळे होत नाहीत, छोटे आधी होतात आणि मोठे खोल नंतर.

दुसऱ्या टोकाला ब्लॅकफ्लाय. बारीक काळी माशी, वाहत्या पाण्यात वाढते, मेच्या मध्यापासून जूनपर्यंत नुसता उच्छाद. चावते कळत नाही, कानामागून रक्त आलं की कळतं. त्यामुळे बर्फ गेल्यापासून माशी येईपर्यंत जेमतेम दोन आठवडे हातात असतात, तेच पकडायचे. इंदूरहून जाणाऱ्याला तिकीट आधी काढावंच लागतं, तर मी म्हणेन ५ मे ते १५ मे धरा आणि दोन दिवस टोरांटोकडे रिकामे ठेवा. आमच्या पहिल्या ट्रिपला आम्ही १ तारखेचं बुकिंग केलं होतं, पोचलो तर तलावाच्या मधोमध करड्या रंगाचा सडका बर्फ तरंगतोय. दोन दिवस भावाच्या घरी क्रिकेट बघत बसलो.

बर्फाची बादली

हे घरी करून बघाच. बर्फवाल्याकडून अर्धी लादी आणा, फोडून बादलीत टाका, पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. मग दोन्ही हात मनगटापर्यंत आत घालून दोन मिनिटं ठेवा, जास्त नको. बाहेर काढा आणि शर्टाची बटणं लावायला घ्या. मी केलं तेव्हा बायको समोर उभी राहून हसत होती, मग तिने केलं आणि हसणं थांबलं. बोटं असतात तिथेच, पण ऐकत नाहीत. चिमूटच होत नाही. पहिलं बटण भोकापाशी जाऊन सटकतं, परत सटकतं, शेवटी तळहाताने ढकलाढकली.

आता कल्पना करा की सगळं अंग तसल्या पाण्यात आहे. बर्फ गेल्यावर पाणी चार-सहा डिग्री असतं, वर हवा अठरा-वीस, ऊन मस्त, आपल्याला वाटतं जानेवारीतली दुपार आहे, टीशर्ट चालेल. इथेच माणूस फसतो. मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्यावर आयुष्यभर काम केलंय, त्यांचा एक-दहा-एक हा हिशोब तिकडे सगळे कनूवाले सांगतात. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, कारण थंडीच्या झटक्याने आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं की संपलं. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, जे करायचं ते तेवढ्यात. आणि शरीर आतून थंड होऊन शुद्ध जायला १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे लोक गारठून मरतात ते नंतर, आधी बुडून मरतात, आणि म्हणून लाईफ जॅकेट अंगात पाहिजे, सीटखाली नाही. कॅनडाचा नियम नावेत माणशी एक असावं एवढंच म्हणतो, पण मेमध्ये ते किनाऱ्यावरच घालायचं, चेन लावायची, आणि पुढच्या किनाऱ्यावर काढायचं. पट्टीचा पोहणारा असाल तरी. पट्टीच्या पोहणाऱ्याचे हात पण दहा मिनिटांनी तेच म्हणतात.

परवडत असेल तर तिकडे वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी सूट, भाड्याने घ्या. आम्ही दुसऱ्यांदा घेतला.

कागद

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नोव्हेंबर-डिसेंबरातच टाका, बायोमेट्रिक्स द्यावं लागतं, ते एकदा दिलं की दहा वर्षं चालतं. मग पार्कचं बॅककंट्री परमिट, म्हणजे आत जंगलात रात्री राहायचा परवाना, ते ऑनलाईन पाच महिने आधी उघडतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यासाठी डिसेंबरात. मेमध्ये गर्दी कमी असते, पण सोपे तलाव तरी लवकर जातात. परमिट तलावाच्या नावाने असतं, कोणत्या रात्री कोणत्या तलावावर ते आधीच ठरवायचं. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ जण.

मासेमारीचं लायसन्स वेगळं. परदेशी माणसाला आठ दिवसांचं मिळतं, एका दिवसाचं पण मिळतं, आणि एक दिवसाचं सोडलं तर सोबत आउटडोअर्स कार्ड लागतं. किती मासे ठेवायचे ते लायसन्सच्या प्रकारावर, माशाच्या जातीवर आणि कधीकधी त्या तलावावर असतं, तर त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक फोनमध्ये डाउनलोड करूनच आत जा. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून न्यायला अल्गोन्क्विनमध्ये बंदी आहे. बाहेरचा मासा सुटला की तलावाची वाट लागते म्हणून.

सॅटेलाईट मेसेंजर, म्हणजे रेंज नसताना मेसेज पाठवणारं यंत्र, घ्याच, गार्मिनचं इनरीच वगैरे, पण तिकडेच भाड्याने घ्या आणि तिकडेच परत करा. स्वस्तात मिळतंय म्हणून विकत घेऊन इंदूरला आणू नका, परवान्याशिवाय सॅटेलाईटवाला डिव्हाइस बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि एअरपोर्टवर त्यावरून लोकांना पकडलंय.

आणि एक कागद घरच्यांसाठी. कोणत्या पार्किंगमधून निघणार, कोणत्या रात्री कुठे, बाहेर कधी येणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं. आमची वहिनी मिसिसागाला फ्रिजवर लावून ठेवते. वेळ देताना एक दिवस जास्तीचा द्या, नाहीतर वाऱ्याने अडकलात की तिकडे आत्यापर्यंत रडारड सुरू.

रूट: अर्धाच घ्या

नकाशावर बोट फिरवताना सगळेच शूर असतात. दुपारचा वारा आणि दोन नवखे असले की तासाला तीन किलोमीटर धरा. पोर्टेजचा हिशोब तर वेगळाच, सामान एका खेपेत नेलं जात नाही, एकदा कनू घेऊन जायचं, मोकळं परत यायचं, मग बॅगा घेऊन जायचं, म्हणजे १,४०० मीटरचं पोर्टेज खरं ४.२ किलोमीटरचं चालणं, आणि मेमध्ये त्यात गुडघाभर चिखल, पडलेली झाडं, सावलीत उरलेला बर्फ. रोजचं जे अंतर मनात येईल त्याचं अर्धं करा. मे महिन्यात घाई झाली की माणूस तलाव मधून कापतो, आणि तेच करायचं नाहीये.

पहिल्यांदा जाताय तर हायवे ६० वरून कनू लेकला उतरा. टोरांटोहून गाडीने तीन-साडेतीन तास. कनू लेक पार करून फक्त २९५ मीटरचं एक पोर्टेज, मग जो लेक, टीपी लेक, लिटलडो आणि पुढे टॉम थॉमसन लेकपर्यंत पाण्यानेच जाता येतं. तीन रात्री, मधला दिवस तिथेच मासेमारीला, बस. टॉम थॉमसन हा तिकडचा मोठा चित्रकार, सराईत कनूवाला, आणि १९१७ च्या जुलैमध्ये तो याच कनू लेकमध्ये मेला. कसा मेला यावर तिकडे अजून वाद घालतात, सराफ्यात आपण कुठल्या दुकानाचा गराडू भारी यावर घालतो तसे.

पाण्यावर सकाळी लवकर निघायचं. मेच्या सुरुवातीला सहाला उजाडतं, अंधार साडेआठच्या पुढे, वेळ भरपूर. दहा-अकराला वारा उठतो आणि मोठ्या तलावावर, ओपियोंगोसारख्या, तासाभरात पांढरे फेस दिसायला लागतात. किनारा धरून चला, इतका जवळ की पडलात तर दहा मिनिटांत काठ गाठता येईल. लांब पडतं, पडू दे. पांढरा फेस दिसला की कनू काठावर ओढा आणि डाव मांडा, आम्ही एकदा पाच तास रमी खेळलो.

इंदुरात काय तयारी करता येते

बरीच. पोहणं येत नसेल तर जानेवारीत पूल लावा. वल्ह्याची ओळख चोरल डॅमला करून घ्या, तिथे बोटिंग आहे, कनू नसली तरी पाण्यावर तोल म्हणजे काय ते कळतं, की उभं राहायचं नाही, वळताना खांदे नाही कंबर वळवायची. पोर्टेजसाठी महूजवळचा जानापाव डोंगर. केव्हलारची सोळा फुटी कनू वीस किलोच्या आसपास असते, तर वीस किलो शरबती गव्हाची बॅग पाठीवर टाकून रविवारी सकाळी जानापाव चढा. पायथ्याचा चहावाला मला विचारायचा, काय दादा, मंदिरात अन्नदान आहे का. तिसऱ्या रविवारी म्हणाला, रोजचं आहे वाटतं.

सामान

कनू, वल्ही, लाईफ जॅकेट, बॅगा सगळं पार्कपाशी आउटफिटरकडे भाड्याने मिळतं, इकडून काही नेऊ नका. नावेत कायद्याने अजून तीन वस्तू लागतात, १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी, ते भाड्याच्या किटमध्ये आहे का नक्की बघा. शिट्टी जॅकेटला बांधा, बॅगेत नको.

कपड्यात एकच नियम, सुती बंद. जीन्स तर अजिबात नाही, ओली जीन्स दोन दिवस वाळत नाही. लोकर किंवा सिंथेटिक, अंगालगत एक, वर फ्लीस, वर रेनकोट. आणि सगळ्याचे दोन संच, एक ओला होणारा, एक काहीही झालं तरी कोरडा राहणारा. सकाळी कितीही अंगावर येवो, काल भिजलेलेच कपडे परत चढवायचे आणि कोरडे रात्रीसाठी राखायचे. रात्री पाणी गोठतं, स्लीपिंग बॅग उणे पाच-सातची घ्या, खाली जाड मॅट, गारवा वरून कमी आणि जमिनीतून जास्त येतो.

आता माझी फजिती. पहिल्या ट्रिपला दुसऱ्या संध्याकाळी कँपवर लागताना मी ऐटीत एक पाय दगडावर टाकला, दगडावर शेवाळ, आणि मी छातीपर्यंत आत. काठ तीन हातावर. बाहेर आलो लगेच, हसतच आलो, पण कोरडे कपडे होते ड्रायबॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि तिचं बकल मला उघडेना. बादलीतलं बटण आठवलं. लायटरचं चाक अंगठ्याने फिरेना. भावाने बकल उघडलं, कपडे ओरबाडून काढले, स्लीपिंग बॅगेत घातलं, गूळ घालून गरम पाणी पाजलं. एकटा असतो तर काय झालं असतं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून जॅकेटच्या खिशात एक प्लॅस्टिकची पिशवी असते, त्यात मोठी काडेपेटी, दोन मेणबत्तीचे तुकडे, कानटोपी, आणि ती पिशवी दाताने फाडता येते. तुम्ही पण ठेवा.

खाणं

इथे आपण मराठी-इंदोरी माणसं जगाच्या पुढे आहोत. महागड्या फ्रीझ-ड्राय पाकिटांची गरजच नाही. भाजलेल्या रव्याचं उपमा मिक्स, भाजून फोडणी दिलेले पातळ पोहे, सातूचं पीठ, मेतकूट, दाणे-गूळ. मेतकूट-भात तलावाच्या काठावर, शून्य डिग्रीला, तुपाची धार सोडून, काय सांगू. तूप मात्र तिकडेच घ्या, आणि इकडून जे न्याल ते सगळं कॅनडाच्या कस्टम्सला डिक्लेअर करा, लपवालपवी नको. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो पण तिकडेच. थंडीत भूक नेहमीच्या दीडपट लागते, हे धरून भरा.

अल्गोन्क्विनच्या आतल्या भागात डबाबंद कॅन आणि फेकायच्या बाटल्यांवर बंदी आहे. आत्याचं लोणचं काचेच्या बरणीतून काढून परत वापरता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत भरा. पाणी फिल्टर करा नाहीतर एक मिनिट उकळा, कितीही नितळ दिसलं तरी, बीव्हरच्या तलावात पोट बिघडवणारा जिआर्डिया नावाचा जंतू असतो आणि आत संडास म्हणजे जंगलात झाकण असलेली लाकडी पेटी.

लसूण शेव नेताय तर तिहेरी पिशवी. वास अस्वलाला दोन तलाव पलीकडून येत असेल. खाण्याचं सगळं, टूथपेस्ट पण, रात्री दोरीने झाडावर, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब, आणि तंबूपासून भरपूर अंतरावर. दोरी उजेडात टाकून ठेवा. अंधारात हेडलॅम्प लावून फांदीवर दगड फेकताना भावाने तो माझ्या डोक्यात घातलाय. अस्वलं तिथे काळी असतात, बहुतेक आवाजाने निघून जातात, खाणं नीट टांगलं तर आठवण पण येत नाही.

मासा

बर्फ गेल्यावर सगळं पाणी वरून खालपर्यंत चार डिग्रीच्या आसपास एकसारखं होतं, वारा ते ढवळतो, प्राणवायू सगळीकडे पोचतो, आणि ट्राउटला कुठेही फिरता येतं. काठापाशी पाणी आधी कोमट होतं, किडे तिथे, बारके मासे तिथे, म्हणून तो पण तिथेच. जून संपेपर्यंत वरचं पाणी तापतं आणि लेक ट्राउट खोल जातो, मग खास सामान लागतं. मेमध्ये मात्र साडेसहा फुटी साधा स्पिनिंग रॉड, सहा-आठ पाउंडांचा ताण सोसणारी दोरी आणि सात ग्रॅमचे चार-पाच चमचे बास. चमचा म्हणजे स्पून, वाकडा चकचकीत पत्रा. एक सोनेरी, एक चंदेरी-निळा, एक दोन छोटे स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे गळ. माणशी एकच दोरी पाण्यात.

करायचं असं. मागच्याने हळू वल्हवायचं, पुढच्याने पंचवीस-तीस मीटर दोरी सोडायची, रॉड मांडीखाली दाबून टोक बाजूला, आणि काठाला समांतर, दोन-तीन मीटर खोलीवरून जायचं. टोक सारखं थरथरत राहतं, तेवढा वेग बरोबर. थरथर थांबली तर गवत अडकलंय. मध्येच वल्हं थांबवलं की चमचा बुडतो, परत मारलं की उसळतो, आणि बऱ्याचदा मासा तेव्हाच घेतो. ओढा जिथे तलावाला मिळतो ती जागा सोडू नका, आणि पाण्यात आडवी पडलेली झाडं. चावा बसला की दोघांनी एकदम त्या बाजूला झुकायचं नाही! हे दहा वेळा घोकून घ्या, मासा बघायला उठलेली माणसंच उलटतात.

ब्रूक ट्राउटच्या खालच्या परांना पांढरी कड असते, पाठीवर गांडुळासारखी नक्षी. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली. सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, पाण्यातच काटा काढा. गळाच्या टोकापाशी असलेला उलटा काटा पकडीने आधीच चपटा करून ठेवा म्हणजे बोटात घुसला तरी सुटतो.

ठेवलात तर एकच पुरे. तूप, मीठ, आणि वरून जीरावन, आपला इंदोरी मसाला. भावाने आधी नाक मुरडलं, ट्राउटला म्हणे लिंबू-मिरपूडच लागते. मग डबी लपवून ठेवायची पाळी माझ्यावर आली. साफसफाई कँपपासून लांब करा आणि ते कपडे तंबूत आणू नका.

परतताना

शेवटच्या दिवशी जोर ओसरलेला असतो, तरी जॅकेट अंगातच ठेवा, पार्किंग दिसायला लागलं तरी. गाडीत एक संच कोरडे कपडे आणि थर्मास ठेवलेला असू द्या. आधी घरी फोन, मग चहा.

आणि हायवे ६० वर संध्याकाळी गाडी हळू. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळून कडेच्या खड्ड्यात साचतं आणि मे-जूनमध्ये ते खारं पाणी प्यायला मूस येतात. घोड्याएवढं जनावर, अंधारात काळं, डोळे चमकत नाहीत कारण ते गाडीच्या दिव्यांच्या वर असतात. पुढच्या चार गाड्या रस्त्यात थांबलेल्या दिसल्या की समजा आहे एखादी. आपण पण थांबायचं, बाजूला घेऊन, दार न उघडता.